तारीख खरी, मगच दवंडी

मंडळी, या शनिवार-रविवारचा विषय जरा रुक्ष आहे, आधीच सांगून ठेवतो. संकेतस्थळावरचं एखादं पान बदललं की ते सर्च इंजिनांना कळवायचं कुणी, कसं आणि केव्हा? एवढं वाचूनच निम्मी मंडळी चहा टाकायला उठतील याची मला कल्पना आहे. चहा जरूर टाका, पण परत या. कारण या रुक्ष विषयाच्या दुसऱ्या टोकाला बाभुळगावात सोयाबीन विकणारा शेतकरी उभा आहे आणि त्याचे चार पैसे यात अडकलेले आहेत.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सोय होईल. पान बदलल्याचं कळवण्याचं काम माणसानं करूच नये, ते सरळ यंत्रावर सोपवावं. मात्र त्याआधी यंत्राला ‘पान खरोखर कधी बदललं’ हे खरं सांगता आलं पाहिजे. खोट्या तारखेची स्वयंचलित दवंडी ही मुळात न पिटलेल्या दवंडीपेक्षा वाईट. आणि या सोयीची खरी गरज बूट-मोबाईल विकणाऱ्या दुकानांना नाही, ती बाजार समित्या, नगरपंचायती आणि सरकारी खाती यांच्या पानांना आहे.

आता सविस्तर.

बाभुळगाव हे यवतमाळ जिल्ह्यातल्या 16 तालुक्यांपैकी एका तालुक्याचं ठिकाण. यवतमाळहून धामणगाव रेल्वेकडे निघालं की लागतं. कापूस, सोयाबीन आणि तूर ही तिथली पिकं. आता केंद्र सरकारचा हमीभाव घ्या. 2024-25 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. 2025-26 च्या हंगामासाठी तो 5,328 झाला. फरक 436 रुपयांचा. मध्यम धाग्याच्या कापसाचा 7,121 होता, तो 7,710 झाला. फरक 589 रुपयांचा. समजा, एखाद्यानं फोनवर ‘सोयाबीन हमीभाव’ असं शोधलं आणि वर आलेलं पान मागच्या हंगामाचं निघालं. 20 क्विंटल सोयाबीन विकायला निघालेल्या त्या माणसाच्या डोक्यातला हिशेब 8,720 रुपयांनी चुकला. तुम्ही म्हणाल, हमीभाव हातात पडतोच कुठे? मान्य. पण व्यापाऱ्यासमोर घासाघीस करताना डोक्यात कुठला आकडा आहे, यावर माणूस किती ताणून धरतो ते ठरतं. चुकीचा आकडा डोक्यात असलेला माणूस लवकर ‘हो’ म्हणतो.

आणि इथे कुणी मुद्दाम खोटं लिहिलेलं नाही बरं का. जुनं पान त्याच्या काळात खरंच होतं. नवं पानही कुठेतरी आहेच. फक्त नव्या पानाची खबर सर्च इंजिनापर्यंत वेळेत पोचली नाही, किंवा दोन्ही पानांवर स्वच्छ तारीख नसल्यामुळे नवं कोणतं हे त्याला कळलं नाही.

हे असं का होतं? आपण शोधखिडकीत शब्द टंकतो तेव्हा सर्च इंजिन काही त्या क्षणी जगभर धावत सुटत नाही. त्यानं पानं आधीच वाचून सूची करून ठेवलेली असते आणि उत्तर त्या सूचीतून येतं. पानं वाचायला त्याचे बॉट फिरत असतात. कुठल्या पानावर किती वेळा यायचं हे ते ढोबळमानानं दोन गोष्टींवरून ठरवतात: त्या पानाकडे बाहेरून किती दुवे येतात आणि मागच्या खेपांना ते पान किती वेळा बदललेलं दिसलं. मोठ्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बॉट दिवसातून कितीतरी वेळा येऊन जातो. तालुक्याच्या संस्थेच्या पानाकडे दुवा देणार कोण? तिथे तो कधीतरी उगवतो. तो आला तेव्हा काही बदललेलं नसतं, म्हणून पुढच्या खेपेला आणखी उशिरा येतो. प्रवासी नाहीत म्हणून एसटीची फेरी बंद, आणि फेरी बंद म्हणून प्रवासी नाहीत, तसलाच प्रकार. म्हणून छोट्या पानानं स्वतः होऊन कळवण्याला मोल आहे. मोठ्यांना बोलवावं लागत नाही, छोट्यांना लागतं.

ही कल्पना वेबइतकीच जुनी आहे. 1993 साली मार्टाइन कोस्टर या गृहस्थांनी ‘अलीवेब’ नावाची व्यवस्था सुचवली होती. प्रत्येक संकेतस्थळाच्या मालकानं आपल्याकडे काय काय आहे याची यादी स्वतःच एका फाइलीत लिहून ठेवायची आणि ती कुठे आहे एवढं कळवायचं. यंत्र येऊन ती उचलून नेईल. कल्पना झकास होती, पण यादी हातानं लिहायचा उत्साह फार थोड्यांना होता. याच कोस्टरनी पुढच्या वर्षी ‘रोबॉट्स.टीएक्सटी’ आणली, बॉटनं कुठे यावं आणि कुठे येऊ नये हे सांगणारी. ती मात्र आजही दारावर टांगलेली असते.

नंतर सर्च इंजिनांनी ‘तुमचा पत्ता इथे द्या’ अशी पानं उघडली. लोकांनी काय केलं? जे आपण प्रोग्रामर लोक करतो तेच. ते काम करणारे प्रोग्राम लिहिले. ‘तुमचं संकेतस्थळ शेकडो सर्च इंजिनांना सबमिट करून देतो’ अशा जाहिराती जुन्या वाचकांना आठवत असतील. (शेकडो सर्च इंजिनं होती तरी का, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारायचं नाही.) अल्टाव्हिस्टाकडे तर या यांत्रिक भरतीचा पूर आला. शेवटी 1997 साली तिथल्या अँड्रे ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाय काढला: वेडीवाकडी अक्षरं चित्रात दाखवायची आणि ती ओळखून टंकल्याशिवाय पत्ता घ्यायचाच नाही. त्यानंतर असली भरती 95 टक्क्यांहून अधिक घटली, असं ब्रोडर यांनी सांगितलेलं आहे. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी या प्रकाराला ‘कॅप्चा’ हे नाव दिलं. आज महाभूलेखवर सातबारा बघायला गेलं की आपल्यापुढे कॅप्चा येतो ना, त्याच्या आद्य अवतारांपैकी एक अशा रीतीनं सर्च इंजिनाला पत्ते कळवण्याच्या यंत्रांना अडवण्यासाठी जन्मला. शेताचा उतारा बघताना आपण दर वेळी या भानगडीचा थोडासा दंड भरत असतो म्हणा ना!

मराठीच्या बाबतीत आणखी एक गंमत होती. युनिकोड रुळेपर्यंत आपली बरीचशी मराठी संकेतस्थळं आपापल्या खास फॉन्टात होती. फॉन्ट असेल तर पडद्यावर ‘सोयाबीन’ दिसायचं, पण आत साठवलेलं असायचं रोमन अक्षरांचं आणि चिन्हांचं कडबोळं. ती पानं सर्च इंजिनाला कितीही वेळा कळवली तरी काय उपयोग? टपाल पोचायचं, पण वाचणाऱ्याला लिपी येत नव्हती. युनिकोडनं तो प्रश्न सोडवला. कागद स्कॅन करून चढवलेल्या पीडीएफनं मात्र तो मागच्या दारानं परत आणलाय. त्या पीडीएफवर पुन्हा कधीतरी.

आता मुख्य गोष्टीकडे. जून 2005 मध्ये गूगलनं ‘साइटमॅप’ची पद्धत आणली. नोव्हेंबर 2006 मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्ट तिला येऊन मिळाले. एप्रिल 2007 पासून रोबॉट्स.टीएक्सटीमध्ये एक ओळ लिहून साइटमॅप कुठे आहे ते सांगायची सोय झाली, म्हणजे प्रत्येक सर्च इंजिनाकडे वेगळं जायला नको. थोडक्यात अलीवेबचीच कल्पना, पण यादी आता माणसाऐवजी यंत्र लिहिणार.

साइटमॅप म्हणजे काय, हे सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला एका वाक्यात सांगता येतं. ती जावक नोंदवही आहे. कुठला कागद आणि कुठल्या तारखेला निघाला, एवढंच तिच्यात लिहायचं. पानाचा पत्ता आणि त्यात शेवटचा बदल कधी झाला ती तारीख. या तारखेच्या रकान्याला ‘लास्टमॉड’ म्हणतात. एका फाइलीत 50,000 पत्ते मावतात, त्याहून जास्त असतील तर दुसरी फाइल. आणखी दोन रकाने आहेत: पान साधारण किती दिवसांनी बदलतं आणि त्याचं महत्त्व किती. हे दोन्ही आपण विचारात घेत नाही, असं गूगलनं स्वतः जाहीर केलेलं आहे. कारण उघड आहे. तुमचं पान किती महत्त्वाचं, असं विचारल्यावर ‘फारसं नाही’ असं कोण लिहील? सगळ्यांनी स्वतःला पैकीच्या पैकी गुण दिले आणि रकाना वाया गेला. लास्टमॉडचा रकाना अजून जिवंत आहे, पण त्यालाही अट आहे. तारीख सातत्यानं खरी असली पाहिजे आणि ती पडताळून पाहता आली पाहिजे. म्हणजे बॉट येऊन बघणार, तुम्ही म्हणता तसं काही बदललंय का? नसेल, आणि हे वारंवार होत असेल, तर तो तुमची नोंदवही वाचणंच सोडून देणार.

नोंदवहीच्या जोडीला दवंडीचीही सोय होती. तिला म्हणायचे ‘पिंग’. एक ठरावीक पत्ता उघडला की ‘आमचा साइटमॅप बदललाय हो’ असा निरोप जायचा. ना ओळख, ना सही. कुणीही, कुठूनही, कितीही वेळा. पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. मे 2022 मध्ये बिंगनं हा बिनओळखीचा निरोप घेणं बंद केलं. जून 2023 मध्ये गूगलनंही तेच जाहीर केलं आणि सहा महिन्यांत ते दार बंद केलं. कारण त्यांनीच सांगितलं: यातले बहुसंख्य निरोप स्पॅमकडेच नेतात. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट आपण शाळेत वाचली. इथे ती सगळ्या जगानं मिळून करून दाखवली. गंमत म्हणजे गोष्टीतल्या एका पोराच्या खोटेपणामुळे एकाच गावानं कान बंद केले होते. इथे इतरांच्या खोटेपणामुळे खरं बोलणाऱ्यांचाही निरोप बंद झाला.

ऑक्टोबर 2021 मध्ये मायक्रोसॉफ्ट बिंग आणि यांडेक्स यांनी ‘इंडेक्सनाऊ’ नावाची नवी दवंडी आणली. तिच्यात एक शहाणपणाची गोष्ट आहे. तुमच्या संकेतस्थळावर एक किल्ली, म्हणजे ठरावीक अक्षरांची फाइल ठेवायची आणि निरोपासोबत तीच किल्ली पाठवायची. म्हणजे निरोप घरमालकाचाच आहे हे कळतं. एका खेपेत 10,000 पत्ते पाठवता येतात आणि एका सर्च इंजिनाला कळवलं की ते यात सामील असलेल्या बाकीच्यांना सांगतं. गूगल मात्र त्यात सामील झालेलं नाही. गूगलकडे थेट कळवायची वेगळी सोय आहे, पण ती नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाची पानं यांच्यापुरतीच. सोयाबीनच्या भावासाठी नाही. त्यामुळे आपल्याकडे ज्याला शोधायचंय असा बहुतेक प्रत्येक जण जिथे शोधतो, तिथे फिरून पुन्हा नोंदवहीच उरते. आणि नोंदवहीची किंमत तिच्यातल्या तारखेइतकीच.

ही तारीख खोटी कशी होते ते आता सांगतो. यात लबाडी थोडी आणि आळस जास्त असतो.

पहिला प्रकार रात्रीच्या कामाचा. साइटमॅप तयार करणारा प्रोग्राम रोज रात्री ठरलेल्या वेळी चालतो आणि प्रत्येक पानापुढे त्या क्षणाची वेळ लिहून मोकळा होतो. एका संस्थेच्या संकेतस्थळाचं काम मध्यंतरी माझ्याकडे आलं होतं (नाव सांगत नाही). नोंदवही उघडली तर सगळ्या पानांपुढे आदल्या रात्री दोनची वेळ! ‘संस्थेचा इतिहास’ या पानापुढेसुद्धा. इतिहास रोज रात्री दोनला बदलतो अशी ही बहुधा जगातली एकमेव संस्था असावी.

दुसरा प्रकार तळटीपेचा. पानाच्या खाली ‘शेवटचा बदल’ म्हणून तारीख असते. सरकारी संकेतस्थळांसाठी 2009 साली आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अशी तारीख दाखवायला सांगितलेलं आहे आणि ते योग्यच आहे. पण ती कुठून येते? कित्येक ठिकाणी पानात जावास्क्रिप्टची एक छोटी ओळ असते, ती ब्राउझरला विचारते, हे पान कधी बदललं? सर्व्हरनं बदलाची तारीख पाठवलेली नसेल तर ब्राउझर बापडा आत्ताची वेळ सांगतो. म्हणजे तुम्ही पान कधीही उघडा, ते आत्ताच बदललेलं! नियमाचं पालन झालं, फक्त नियमाचा हेतू मेला.

तिसरा प्रकार जाणूनबुजूनचा. काही संकेतस्थळं ‘आजचे बाजारभाव’ असं पान ठेवतात, आकडे जुनेच ठेवून वरची तारीख रोज बदलतात आणि ते इमानेइतबारे सर्च इंजिनांना कळवतात. त्यांचं स्वयंचलन अगदी चोख असतं. ज्या बाजार समितीत लिलाव झाला तिचं मूळ पान मात्र गप्प असतं. असा सगळा उलटा कारभार. ज्याच्याकडे खबर आहे त्याला दवंडी पिटता येत नाही आणि ज्याला दवंडी पिटता येते त्याच्याकडे खबर नाही.

मग करायचं काय? तांत्रिकदृष्ट्या हे फार अवघड नाही, म्हणूनच जास्त चिडायला होतं. पानाचा गाभा, म्हणजे आकडे आणि मजकूर, बाजूला काढायचा. वरची पट्टी, खालची तळटीप, जाहिराती, पाहुण्यांचा आकडा हे सगळं वगळायचं. त्या गाभ्याचा एक ठसा काढून साठवायचा. (आपण ‘हॅश’ म्हणतो तो. अंगठ्याच्या ठशासारखा, एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो.) पुढच्या वेळी पान साठवताना नवा ठसा जुन्याशी ताडून बघायचा. सारखा असेल तर काहीही करायचं नाही. वेगळा असेल तरच लास्टमॉडची तारीख पुढे न्यायची, साइटमॅप नवा लिहायचा आणि इंडेक्सनाऊला तेवढाच एक पत्ता कळवायचा. बॉट स्वतःहून आला आणि ‘मागच्या भेटीनंतर काही बदललं का?’ असं त्यानं विचारलं, तर सर्व्हरनं प्रामाणिकपणे ‘304’, म्हणजे ‘बदल नाही’ असं उत्तर द्यायचं. नोंदवही, दवंडी आणि दारावरचं उत्तर या तिघांनीही एकच तारीख सांगायची. दोन दिवसांचं काम आहे हो. त्यात माणसानं रोज बटण दाबायची गरज नाही आणि दाबायला विसरायची सोयही नाही.

आता हे बाजारभावांना लावून बघू. महाराष्ट्रात बाजार समित्या तीनशेच्या वर आहेत. त्यांचे रोजचे भाव राज्याच्या कृषी पणन मंडळाकडे आणि केंद्राच्या ‘अॅगमार्कनेट’कडे जमा होतात, म्हणजे विदा आहे. पण भाव बघायची पद्धत साधारणपणे अशी असते: शेतमाल निवडा, बाजार समिती निवडा, तारीख निवडा, बटण दाबा. माणसाला हे जमतं. बॉट मात्र बटण दाबत बसत नाही. त्याला पत्ता लागतो. ‘बाभुळगाव, सोयाबीन’ या जोडीला स्वतःचा कायमचा पत्ताच नसेल तर कळवायचं तरी काय? जावक नोंदवहीत क्रमांकच नसलेल्या कागदासारखं.

समजा 300 समित्या आणि प्रत्येकी 20 शेतमाल धरले. झाली 6,000 पानं. एका साइटमॅपची मर्यादा 50,000. म्हणजे सबंध महाराष्ट्राची आजची बाजारपेठ एका फाइलीच्या आठव्या हिश्शात मावते! रोज ज्या जोड्यांचा लिलाव झाला तेवढ्याच पानांची तारीख बदलेल. पानावर नुसतं ‘बाभुळगाव’ न लिहिता ‘जिल्हा यवतमाळ’ही लिहायचं, कारण या नावाची गावं महाराष्ट्रात इतर जिल्ह्यांतही आहेत, शिवाय कुणी ‘बाभूळगाव’ असंही टंकतं, तेही पानात कुठेतरी असू द्यावं. जुने भाव फेकायचे नाहीत, प्रत्येक दिवसाचं वेगळं पान करून ठेवायचं, म्हणजे मागच्या वर्षीच्या दिवाळीत काय भाव होता तेही सापडेल. त्या जुन्या पानाची तारीख मात्र जुनीच राहील. तिला हात लावायचा नाही.

यंत्रणा खरी आहे की नाही हे तपासायची माझी एक सोपी कसोटी आहे. बाजार बंद असलेल्या दिवशी पान काय सांगतं? रविवारी लिलाव नाही, तर रविवारी पानावर शनिवारचीच तारीख दिसली पाहिजे आणि साइटमॅपमध्येही शनिवारचीच. ज्या पानाला गप्प बसता येतं, त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा.

यात नवीन शिकण्यासारखं फारसं नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. आपल्या प्रशासनाला ही शिस्त पूर्वीपासून ठाऊक आहे. महाराष्ट्र शासनाचा कुठलाही अलीकडचा शासन निर्णय काढा. शेवटी लिहिलेलं असतं की तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे आणि त्याचा संगणक सांकेतांक अमुक आहे. त्या लांबलचक आकड्याच्या सुरुवातीलाच वर्ष, महिना आणि दिवस असतो. म्हणजे कागदाची न बदलणारी ओळख आणि खरी तारीख, दोन्ही जन्मतःच चिकटवलेली. साइटमॅपला लागणारा कच्चा माल हाच तर आहे! जी शिस्त मंत्रालयातल्या कागदाला लागू आहे, ती तालुक्यातल्या पानाला लावायची, बस.

कायद्याचंही बघा. माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा आपण ‘अर्ज करायचा कायदा’ म्हणून ओळखतो, पण त्याच्या कलम 4 चा रोख असा आहे की लोकांना अर्ज करायची वेळच कमीत कमी यावी. माहिती आपणहून जाहीर करा, स्थानिक भाषेत करा आणि त्या भागात जे माध्यम सर्वांत परिणामकारक असेल ते वापरा, असं ते सांगतं. जाहीर करणं म्हणजे काय याच्या खुलाशात सूचनाफलक आहे, वर्तमानपत्र आहे, जाहीर पुकारा आहे आणि इंटरनेटही आहे. आज बाभुळगावातला तरुण शेतकरी माहिती शोधायला आधी फोन काढतो. तिथे न सापडणारं पान ‘जाहीर’ झालं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता दोन आक्षेप. पहिला, ‘अहो, ज्याला हवं ते व्हॉट्सअॅपवर येतंच की.’ येतं, आणि काही गोष्टींसाठी तेच बरं. बेंबळा धरणाची दारं उघडणार असतील तर सर्च इंजिनाची वाट बघत बसणं मूर्खपणाचं आहे. तिथे फोन, भोंगा आणि खरीखुरी दवंडीच हवी. सर्च इंजिनाला कळवूनही ते लगेच येईलच याची हमी कुणी देत नाही. पण व्हॉट्सअॅपवरचा भाव कुणी, कधी, कुठल्या बाजाराचा लिहिला हे पडताळायचं कुठे? पडताळणीला मूळ पान सापडावं लागतं. शिवाय 2023 पासून लोक प्रश्न विचारून यंत्राकडून सरळ वाक्यात उत्तर घेऊ लागले आहेत. ते उत्तर देणारं यंत्रही कुठल्या तरी पानावरूनच आकडा उचलतं. मूळ पानावर तारीख खोटी असेल तर उत्तरात ती खोटी तारीखही उरत नाही, नुसता आकडा उरतो. शंका घ्यायला जागासुद्धा नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे. सगळं आपोआप कळवायचं म्हटलं तर नको ते पण कळवलं जाईल. 2017 साली उघड झालं की केंद्र आणि राज्य सरकारांच्या सुमारे 210 संकेतस्थळांवर लाभार्थ्यांच्या याद्या आधार क्रमांकांसकट दिसत होत्या. अशा यादीपुढे स्वयंचलित दवंडी लावली तर काय होईल याची कल्पनाच करवत नाही. म्हणून नियम असा हवा: यंत्रानं सगळं आपोआप नोंदवायचं नाही. कुठल्या प्रकारची पानं नोंदवहीत जातील ते माणसानं एकदा विचार करून ठरवायचं, आणि मग त्या प्रकारातलं प्रत्येक पान यंत्रानं नोंदवायचं. भाव, निविदा, सूचना, ठराव हे आत. माणसांची नावं, खाते क्रमांक, अर्धवट मसुदे हे बाहेर. आणि कृपा करून लपवायच्या गोष्टी रोबॉट्स.टीएक्सटीत लिहून ‘लपवल्या’ असं समजू नका. ती फाइल कुणीही उघडून वाचू शकतं. गुप्त कपाटाचा पत्ता दारावर लिहून ‘इथे बघू नये’ म्हणण्यासारखं आहे ते. लपवायचं असेल तर कुलूप लावा.

हे करणार कोण? प्रत्येक नगरपंचायतीनं माझ्यासारखा एकेक इंजिनीअर नेमावा असं मी म्हणत नाही, परवडायचंही नाही. देशभरच्या जिल्हा संकेतस्थळांसाठी एनआयसीची सामायिक यंत्रणा आहे. अशा एका ठिकाणी नीट केलेलं काम शेकडो जिल्ह्यांना मिळतं. आणि जिथे खाजगी कंत्राटदार संकेतस्थळ बांधतो, तिथे निविदेत चार ओळी घालायच्या: प्रत्येक माहितीला कायमचा पत्ता असेल, लास्टमॉड मजकूर बदलल्यावरच बदलेल, साइटमॅप आणि निरोप पान साठवताच आपोआप जातील, आणि काम ताब्यात घेण्याआधी सुट्टीच्या दिवशी तारखा तपासल्या जातील. ही चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची. रंगसंगती आणि सरकते फोटो यांवर बैठका घेणाऱ्यांना या चार ओळी जड जाऊ नयेत.

वाचकहो, तुमच्या गावच्या बाजार समितीचं, नगरपंचायतीचं, नाहीतर सोसायटीचं पान असेलच. आज रविवार आहे. ते उघडा आणि खालची तारीख बघा. आजची दिसली तर उद्या सोमवारी कचेरीत फोन लावून, अगदी नम्रपणे, एवढंच विचारा: ‘साहेब, काल तर कचेरी बंद होती. मग पान कुणी बदललं?’